डावीकडचा ब्रेक

१

मास्तरांच्या घरी कुठलीही सहल आधी खुर्चीत व्हायची आणि मग रस्त्यावर.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. त्या भागातल्या निम्म्या लोकांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे त्यांनीच सांगितलेलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते विचारायला यायला हवं होतं, असं त्यांचं मत. शिकवायची त्यांची रीत जगावेगळी होती. नवा शिकाऊ आला की त्याच्या हाती किल्ली देण्याआधी ते त्याला घरी बोलवत, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारीशेजारी लावत, त्याच्या हातात स्टीलची ताटली देत आणि म्हणत, "हं. डोळे मिट आणि निघ." मग शिकाऊ ताटली फिरवत चौक ओलांडायचा, पूल चढायचा, आणि मास्तर डावीकडच्या खुर्चीत बसून रस्ता सांगायचे. त्याचं चुकलं की मास्तरांचा पाय फरशीवर आपटायचा. टप. शिकवणीच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. खुर्चीला तो नसतो, हे त्यांच्या पायाला शेवटपर्यंत पटलं नाही.

बायकोची तरी सुटका कुठली! कुठे जायचं ठरलं की तिलाही आधी खुर्चीत बसून घाट चढावे लागत. गॅसवर दूध आणि हातात ताटली. "तुमच्या नादानं माझं दूध दर वळणाला उतू जातं," असं म्हणायची, पण बसायची. कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती रफूचं काम करायची, आणि तिथेही सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत. रफू म्हणजे जणू तिचा फावल्या वेळचा छंद.

मास्तरांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मास्तरीणबाई अजून "ह्यांना चहा कडक लागतो" असंच म्हणायच्या. "लागायचा" हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. दुकान आणि घर, घर आणि दुकान. त्यांची एकुलती एक लेक कानाच्या दवाखान्यात लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं काम करायची. तिला आता दूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती आणि महिनाअखेर ती जाणार होती. आईला ह्या अशा अवस्थेत टाकून कसं जायचं, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला होता.

"दोन दिवस," लेक म्हणाली. "फक्त दोन दिवस, आई. एक दिवस शहर बघू. नदीवरचा जुना पूल, संग्रहालय, बाजार. दुसऱ्या दिवशी आसपासचे रस्ते. तळ्याभोवतीचा एक आहे, आणि एक घाटातला, कड्याच्या कडेकडेनं जाणारा. तिथून म्हणे सगळी दरी दिसते. चल, लाव खुर्च्या."

'लाव खुर्च्या' हे शब्द ऐकल्यावर मास्तरीणबाईंना नाही म्हणता आलं नाही.

लेकीने ताटली घेतली आणि डोळे मिटले. डावीकडच्या, मास्तरांच्या खुर्चीत मास्तरीणबाई बसल्या, मांडी घालून. खुर्चीतही मांडी घालूनच बसायची त्यांची जुनी खोड. गुडघ्यावर नकाशा उघडून त्या रस्ता सांगू लागल्या. शहर आलं, गेलं. पूल ओलांडला. तळ्याला वळसा झाला. लेक मधेच भोंगा वाजवून समोरच्या काल्पनिक म्हशीला बाजूला करत होती, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात दोन माणसं हसत होती.

"आता घाट. सावकाश घे. पुढे सरळच आहे."

"घेतला."

टप.

लेकीने डोळे उघडले. "आई, इथे कशाला ब्रेक? सरळ रस्ता म्हणालीस ना?"

"मी कुठे? तूच आपटलास पाय."

"माझे पाय खुर्चीच्या दांडीवर आहेत."

मास्तरीणबाईंनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. "खालच्या मजल्यावर काहीतरी पडलं असेल."

"खालच्या मजल्यावरचा आवाज असा येत नाही. आवाज ओळखण्यावर माझं पोट आहे, आई. तुझ्या खुर्चीखालून आला." मग तिचं तिलाच हसू आलं. "जाऊ दे. कान तपासणाऱ्यांचेच कान आधी जातात म्हणतात."

चहा झाला. खुर्च्या टेबलाला परत लावताना मास्तरीणबाईंनी डावीकडची खुर्ची जरा जास्त वेळ हातात धरून ठेवली. तिची बैठक ऊबदार होती. आपणच तर बसलो होतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

२

निघण्याआधी गाडी मेकॅनिककडे नेली. मास्तरांचीच गाडी, शिकवणीची. टपावरची पाटी तेवढी काढलेली. मेकॅनिक मास्तरांचा जुना दोस्त. दोघांचं जन्मभर भांडण होतं, कारण मास्तरांचे शिकाऊ जे बिघडवत ते ह्याला दुरुस्त करावं लागे, आणि त्याचेच पैसे मिळतात हे तो सोयीने विसरे.

गाडीखालून बाहेर येऊन त्याने हात पुसले. "वहिनी, गाडी कोण चालवतं सध्या?"

"कुणीच नाही. बॅटरी उतरू नये म्हणून पोरगी कधीतरी चक्कर मारून आणते."

"मी आणि काय!" लेक म्हणाली. "बाजारापर्यंत जाते नि येते. तेही धड जात नाही, मधेच अडखळते. पेट्रोलमध्ये कचरा असेल, बघा ना काका."

"पेट्रोल स्वच्छ आहे. ब्रेक संपलेत." तो मास्तरीणबाईंकडे बघत होता. "पार पत्रा लागलाय. टॅक्सीवाल्याचे संपतात तसे. आणि हे बघा." डावीकडचं दार उघडून त्याने खाली बोट दाखवलं. "मास्तर गेल्यावर गाडी आली होती ना माझ्याकडे, तेव्हा ह्या पेडलचं रबर मी नवीन घातलंय. डावीकडे कोण बसतं?"

"कोणी नाही."

रबर झिजलं होतं. सगळं नाही, फक्त उजवी कड. मास्तर पाय जरा वाकडा टाकत, त्यामुळे त्यांच्या चपलासुद्धा त्याच कडेला झिजत. हे मेकॅनिकला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मास्तरीणबाईंना ठाऊक होतं.

"रबरच वाईट निघालं असेल," तो म्हणाला. "आता काय माल येतो! बरं, हा डावीकडचा ब्रेक काढूनच टाकू का? शिकवायचं तर कुणाला नाही. तासाभराचं काम."

"काढून टाका काका," लेक म्हणाली.

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या, इतक्या चटकन की दोघांनी वळून पाहिलं. "उगाच कशाला खोलाखोली. राहू दे."

मास्तर गेले ते त्याच सीटवर. बँकेत काम करणारी एक पोक्त बाई शिकत होती. बाजाराच्या वळणावर समोरून एक हातगाडी आली, बाईंचा पाय भलतीकडेच पडला, आणि मास्तरांनी डावीकडचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुणाला ओरखडासुद्धा नाही. मास्तर मात्र एक शब्द बोलले नाहीत. बाईंना वाटलं, मास्तर चिडलेत. त्या स्टिअरिंग धरून, मान खाली घालून बोलणी खायची वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी भीत भीत विचारलं, "मास्तर, चालू करू का?" आणि मान वळवली.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय एका क्षणात थांबलं असणार. गाडी थांबायच्या आधी की नंतर, ते कुणालाच सांगता आलं नाही.

३

सकाळ स्वच्छ होती. लेक गाडी चालवत होती, मास्तरीणबाई डावीकडे, पायातल्या चपला काढून सीटवर मांडी घालून. डब्यातलं खाणं मांडीवर. रस्ता रुंद होता, दोन्हीकडे कापलेली शेतं, लांबवर डोंगरांची निळसर कड. लेक नव्या नोकरीतल्या साहेबाची नक्कल करून दाखवत होती. बाई हसत होत्या, पण सीटवर त्यांना नीट बसताच येत नव्हतं. सीट मागेपुढे करून झाली. तरी सारखं काहीतरी बोचत होतं, म्हणजे बोचतही नव्हतं, आधीच भरलेल्या जागेत आपण कोंबून बसलोय असं वाटत होतं.

शहराच्या तोंडाशी सिग्नल हिरवा होता. पुढे रस्ता मोकळा. आणि गाडी गपकन थांबली. डब्याचं झाकण समोरच्या फळीवर जाऊन आदळलं. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गजर केला.

"आई! पाय काढ ना तिथून!"

"मी..." म्हणत मास्तरीणबाईंनी खाली पाहिलं.

त्यांचे दोन्ही पाय मांडीत होते. खाली, पायांच्या जागी, चपलांचा जोड होता. आणि त्या चपलांच्या वर डावीकडचं ब्रेकचं पेडल खाली दबलेलं होतं, तळाला टेकलेलं. बाई बघत होत्या तोवर ते तसंच राहिलं. मग कुणीतरी नाइलाजाने पाय उचलावा तसं हळूहळू वर आलं.

लेक समोर बघत होती, तिने काही पाहिलं नव्हतं.

"चुकून लागला ग," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाय."

हे खोटं आपण का बोललो, ते त्यांना तेव्हाच कळलं. खरं सांगितलं असतं तर लेकीने गाडी तिथल्या तिथे गॅरेजमध्ये लावली असती. त्यांनी डब्याचं झाकण उचललं आणि बाहेर बघत बसल्या. छातीत धडधड होत होती, ती भीतीचीच होती. पण भीतीखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण आनंदाची सवय सुटली होती.

४

लेकीला आश्चर्यच वाटत होतं. आई संग्रहालयात प्रत्येक पेटीसमोर थांबली. जुन्या कापडांच्या दालनात तर एका फाटक्या अंगरख्याचं रफू बघून रखवालदाराला म्हणाली, "हे ज्यानं केलंय त्याला माझ्यासमोर उभा करा, कान उपटते." पुलावर उभं राहून नदी बघितली. हॉटेलच्या खोलीत गेल्यावर पलंगावर उड्या मारून गादी कशी आहे ते बघितलं, पन्नाशी उलटलेल्या बाईने! आणि पुन्हा पुन्हा एकच हट्ट. "चल ना, गाडीतून एक चक्कर मारू. पायी कशाला?"

लेक अंघोळीला गेली तशी मास्तरीणबाई किल्ली घेऊन खाली आल्या. हॉटेलच्या तळघरात गाड्या उभ्या होत्या. दिव्याची नळी फडफडत होती, कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि खाली वाकून पेडलला हात लावला. थंड रबर. दाबलं, सोडलं. काही नाही.

त्यांनी विचार करून पाहिला. ब्रेकच्या नळीत हवा शिरते म्हणतात. मेकॅनिकने घातलेले ब्रेकचे नवीन पट्टे रुळायला वेळ लागतो. तार अडकते. मेकॅनिकला फोन केला तर तो दहा कारणं सांगेल आणि दहाही पटतील. त्या सीटवर बसल्या, दार लावून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"अहो, मी आहे."

कुणी ओ दिली नाही. कूस बदलल्याचा, श्वासाचा, कसलाच आवाज आला नाही. गाडी उभी असली की काहीच होत नव्हतं. पेडल हलायचं ते फक्त गाडी चालू असताना. बाईंना ते त्या क्षणी साधंच वाटलं. बोलायला यावं असं त्यांचं येणं नव्हतं, मग काय! आयुष्यभर तरी कुठे मोठे बोलत होते. शेजारी बसत, पुरे होतं.

५

संध्याकाळी बाजाराकडे जाताना मात्र कठीण झालं.

गाडी पुलावर थांबली. पुलाच्या पलीकडे थांबली. कुणी आडवं आलं नव्हतं, कुत्रंसुद्धा नाही. मोकळ्या रस्त्यावर, चढावर, वळताना, सरळ जाताना, दर थोड्या अंतरावर पेडल तळाला जाई आणि दोघी सीटच्या पट्ट्यावर ओढल्या जात. मास्तर असं कधी करत नसत. त्यांचा पाय चूक झाली तरच पडे. उगाच ब्रेक मारणाऱ्या शिकाऊला ते म्हणत, "अरे, गाडी आहे, पंगतीतलं वाढप नव्हे. दर माणसापुढे थांबायचं नसतं." हे दाबणं तसलं नव्हतं. ते रस्ता बघून होत नव्हतं. दाबणाऱ्याला रस्ता दिसतच नसावा.

शेवटी मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला आणि लेकीचा बांध फुटला. तिने गाडी कडेला घेतली.

"तुला यायचंच नव्हतं का, आई? तसं सांगायचं ना."

"तसं नाही ग."

"मग कसं? घरापासून बघतेय. मी पुढे निघाले की तू ब्रेक मारतेस. मेकॅनिककाका काढून टाकत होते तर तेही नको." तिने इंजिन बंद केलं. "मी जाऊ नये असं वाटतं ना तुला? मग तोंडानं सांग. मी नोकरी सोडते. पण हे असं पायानं नको सांगूस."

मास्तरीणबाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण सांगायचं काय? तुझे बाबा आहेत म्हणून? आणि ती म्हणाली, असतील तर ब्रेक काढूनच टाकू, म्हणजे? गेल्या दीड वर्षात आजच्या दिवसाएवढं सुख त्यांना मिळालं नव्हतं. लेक चाललीच होती. हेही गेलं तर मागे राहणार काय, एक रफूची सुई.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उद्या नाही मारणार."

"उद्या मागे बस तू."

"नको!" त्या जवळजवळ ओरडल्या. त्या मागे बसल्या असत्या तर पुढची सीट रिकामी दिसली असती, आणि गाडी थांबलीच असती. "पुढेच बसते. पाय वर घेऊन बसते. तुला दिसतील असे."

६

तळ्याभोवतीचा रस्ता निर्विघ्न झाला. एकदाही पेडल हललं नाही. पाण्यावर ऊन होतं, एक म्हातारा गळ टाकून बसला होता, आणि लेकीने कालचं बोलणं मनातून काढून टाकलं होतं. रागाच्या बाबतीत ती बापावर गेली होती, पाच मिनिटांत दूध खाली बसे. मास्तरीणबाई मात्र पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक वळणाला त्यांना वाटत होतं, गेले का? आणि पुढच्या वळणाला वाटे, गेलेले बरे.

मग घाट लागला. आधी चढ, मग लांबलचक उतार. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला बुटका कठडा आणि खाली खोल दरी. रस्ता इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने श्वास धरावा.

वळण आंधळं होतं. लेकीने सावकाश घेतलं, शिकवल्यासारखं, भोंगा वाजवून. आणि ऐन वळणात गाडी थांबली.

 तिने आईकडे पाहिलं. आईचे पाय सीटवर होते, दोन्ही, हातांनी घट्ट धरलेले. लेकीने खाली पाहिलं, पेडल तळाला होतं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "पाय तर वर आहेत तुझे."

तिने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घुरघुरलं, गाडी थरथरली, पण जागची हलली नाही. वरच्या बाजूने, मागून, भोंगा ऐकू आला. लांब, जाड, उतारावर येणाऱ्या मालट्रकचा. लेकीचे कान तयार होते. तिने सांगितलं, "भरलेला आहे. दोन वळणं वर. आई, त्याला आपण दिसणार नाही. उतर तू. उतर!"

उतरायचं कुठे! डावीकडचं दार कठड्याला टेकलं होतं. मास्तरीणबाईंनी वाकून पेडल उचलायला हात खाली घातला.

हात पेडलपर्यंत पोचला नाही. मधेच पोटरी लागली.

पायघोळ पँटचं कापड, आत पोटरी, खाली ताणलेला घोटा. दिसत काहीच नव्हतं, खाली नुसती सावली होती. पण हात खोटं सांगत नाही. त्यांनी आयुष्यभर कापडं हाताने ओळखली होती. पाय त्यांच्या सीटवरूनच खाली गेला होता. त्या जिथे बसल्या होत्या तिथूनच. दोन दिवस त्या कुणाच्या मांडीवर बसल्या होत्या ते त्यांना कळलं.

पोटरी गरम होती. आणि ती थरथरत होती. ओझं खूप वेळ उचलून धरलं की हात थरथरतो तशी. जीव खाऊन दाबून धरलेला पाय. दीड वर्ष. बाजाराच्या त्या वळणावर दाबला तो दाबलाच. गाडी थांबली हे मास्तरांना कळलंच नव्हतं. त्या माणसाला ना बायको दिसत होती ना लेक. त्याच्यासमोर अजून ती हातगाडी येत होती.

भोंगा पुन्हा वाजला. एक वळण.

मास्तरीणबाईंनी पोटरीवर हात ठेवला, घट्ट. कुणापाशीही उच्चारलं नव्हतं ते त्यांनी मोठ्याने उच्चारलं, स्पष्ट, लेकीला ऐकू जाईल असं.

"अहो, गाडी थांबली. तेव्हाच थांबली होती. ती बँकेतली बाई सुखरूप आहे. हातगाडीवाला सुखरूप आहे. कुणाला काही झालं नाही. फक्त तुम्ही गेलात. ऐकताय ना? तुम्ही गेलात हो. दीड वर्ष झालं. मी एकटी असते. आता मागून ट्रक येतोय आणि आपली पोरगी गाडीत आहे. सोडा. सोडा आता."

पोटरी एकदा जोरात थरथरली. हाताखालचा ताण ढिला पडला, आणि मग हाताखाली काही उरलं नाही.

गाडी सुटली. लेकीने ती वळणातून काढली, पुढे कठडा जिथे जरा आत घेतलेला होता तिथे घातली, आणि ट्रक शेजारून धडधडत निघून गेला. चालवणाऱ्याने शिवी हासडली असावी, ती वाऱ्यात ऐकू आली नाही.

७

ट्रकचा आवाज खाली विरला. मग लेकीने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तिचे डोळे पुसूनही पुसले जात नव्हते. काय झालं ते तिने विचारलं नाही. तिला सगळं ऐकू आलं होतं.

कडा संपला आणि डावीकडे दरी उघडली. लेक म्हणाली होती तशीच, सगळी, शेवटपर्यंत. खाली नदीचा रुपेरी दोरा, शेतांचे तुकडे, एका छपरावरून चढणारा धूर. गाडी सुरळीत चालली होती, अडखळत नव्हती. रस्ता सरळ होता आणि मागेपुढे कुणी नव्हतं.

"बघ ना, आई," लेक म्हणाली. "ह्याच्यासाठी आलो होतो आपण."

"छान आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सीट आता ऐसपैस वाटत होती. कुठेही टेकलं तरी जागाच जागा. त्यांनी सीटच्या बैठकीवर तळहात फिरवला. गार होती. मांडी मोडून त्यांनी पाय खाली सोडले, चपला चाचपल्या, घातल्या.

गाडी थांबली.

लेक दचकली आणि तिने खाली पाहिलं. डावीकडचं पेडल तळाला गेलं होतं आणि त्यावर आईची चपला घातलेली पावलं होती, एकावर एक, दोन्ही.

लेक रागावली नाही. तिने इशाऱ्याचे दिवे लावले. ते टिकटिक करत राहिले.

"आई, गाडी थांबलीये."

"माहितीये मला."

"मग पाय काढ."

"काढते ग," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या, मान जराशी कलती करून, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तशा. "जरा थांब. काढते."

लेक थांबली. मागून एक गाडी आली, वळसा घालून पुढे गेली. मग आणखी एक गेली. मास्तरीणबाईंची पोटरी थरथरायला लागली, तरी त्यांनी पाय काढला नाही.